आफ्रिकान्समध्ये अजून खरंच संशोधन होतं का? मग ते लिहितं कोण आणि वाचतं कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठांतून आफ्रिकान्स (तिथे डचमधून घडलेली भाषा) जवळजवळ गेलीय असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग इतिहास, शिक्षण, कायदा, धर्म या विषयांवर त्या भाषेत शोधनिबंध अजून कसे छापून येतात, आणि मराठीत असं का होत नाही.

होतं, आणि बऱ्यापैकी होतं. मी नेदरलँड्समध्ये राहते, डच येत असल्यामुळे आफ्रिकान्स वाचायला फार जड जात नाही (बोलायला सांगू नका), आणि कामामुळे कायद्यावरचे आफ्रिकान्स लेख अधूनमधून वाचावेच लागतात. त्यातूनच बाकीच्या विषयांत डोकावायची सवय लागली. तर जेवढं माहितीये तेवढं सांगते.

आधी पैशाचं सांगते कारण खरी गोम तिथे आहे. दक्षिण आफ्रिकेत सरकारचं उच्च शिक्षण खातं मान्यताप्राप्त जर्नलमध्ये छापून आलेल्या प्रत्येक लेखामागे त्या विद्यापीठाला अनुदान देतं, आणि लेख कुठल्या भाषेत आहे हे त्यात बघितलंच जात नाही. जर्नल यादीत हवं, बस्स. म्हणजे स्टेलेनबॉश विद्यापीठाच्या प्राध्यापकाने परदेशी इंग्रजी जर्नलमध्ये लिहिलं काय आणि आफ्रिकान्स जर्नलमध्ये लिहिलं काय, विद्यापीठाच्या तिजोरीत तेवढेच पैसे येतात. भाषेवरचं प्रेम वगैरे सगळं ठीक आहे हो, पण आपल्या भाषेत लिहिलं म्हणून कुणाचं नुकसान होत नाही ही व्यवस्था त्या प्रेमापेक्षा जास्त कामाची आहे असं माझं मत.

आणि अशी यादीतली जर्नल्स आहेत. जुन्यातलं 'टेइडस्क्रिफ फिर खिअस्तेसवेतेन्सकापे' (उच्चार माझ्या परीने लिहिलाय, चूकभूल द्यावी घ्यावी), म्हणजे मानव्यविद्यांचं नियतकालिक, ते 1961 पासून निघतंय. ते काढते दक्षिण आफ्रिकन अकादमी, जी 1909 मध्ये स्थापन झाली. आपलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 चं, म्हणजे दोन्ही संस्था जवळजवळ एकाच वयाच्या, पण पुढे एकीच्या भाषेला अख्खं सरकार मिळालं आणि दुसरी वर्गणी-देणग्यांवर कागदपत्रं सांभाळत राहिली. नव्यातलं लिटनेट अकाडेमीस, ते 2004 पासून फक्त ऑनलाइन निघतं, फुकट वाचता येतं, आणि त्यात मानव्यविद्या, कायदा, धर्म, शिक्षण असे वेगवेगळे विभाग आहेत. बहुतेक तुमच्या डोळ्यासमोर तेच असणार.

तिथला एखादा लेख उघडून बघा. वर आफ्रिकान्समध्ये गोषवारा, खाली शोधशब्द, आणि मग चार ओळींचा नाही तर चांगला दीड-दोन पानांचा इंग्रजी सारांश. तो सारांश म्हणजे छोटा लेखच असतो, युक्तिवाद सगळा त्यात येतो. त्यामुळे आफ्रिकान्स न येणाराही लेखाचा संदर्भ देऊ शकतो आणि लेखकाचं काम अगदीच कोपऱ्यात पडून राहत नाही. मला ही युक्ती फार आवडते. मराठी नियतकालिकांनी डोळे झाकून उचलावी.

कायद्याची गंमत वेगळीच आहे. तिथला मूळ कायदा रोमन-डच, म्हणजे सतराव्या शतकातल्या हॉलंडमधला कायदा जो डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांबरोबर केपला, म्हणजे आजच्या केपटाऊनच्या भागात, गेला आणि तिथेच राहिला. हॉलंडमध्ये नेपोलियनच्या काळात तो संपला, पण दक्षिण आफ्रिकेत आणि श्रीलंकेत अजून चालू. त्यामुळे शेजाऱ्यांच्या हक्कांसारख्या साध्या विषयावरचा लेख घेतला तरी एकाच पानावर युट्रेख्ट-लायडनच्या जुन्या पंडितांचं लॅटिन, डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोटियसच्या 1631 च्या पुस्तकातलं जुनं डच, आजच्या न्यायालयाचा इंग्रजी निकाल आणि या सगळ्याला शिवणारं लेखकाचं आफ्रिकान्स असं एकत्र नांदत असतं. जुन्या डचवरून सरळ आफ्रिकान्समध्ये येणं सोपं, मध्ये इंग्रजी घातलं की अर्थ थोडा निसटतो, म्हणून काही कायदेपंडित अजून हट्टाने आफ्रिकान्समध्येच लिहितात. पण 2017 मध्ये तेव्हाच्या सरन्यायाधीशांनी न्यायालयीन कामकाजाची नोंद फक्त इंग्रजीतच होईल असं जाहीर केलं, आणि तेव्हापासून वकिलीच्या बाजूने या लेखनाची गरज घटली हे स्पष्ट दिसतं. कायद्याची जुनी जर्नल्स आहेत अजून, पण अंक चाळलात तर इंग्रजी लेखच जास्त.

धर्माचं सांगायचं तर इथे जरा थांबावं लागेल, कारण या भाषेतल्या संशोधनाची काळी बाजू इथे आणि शिक्षणात सगळ्यात उघडी पडते. आफ्रिकान्स ही ज्ञानभाषा झाली ती आपोआप नाही. 1925 मध्ये ती अधिकृत भाषा झाली, 1933 मध्ये बायबल आलं, मोठ्या शब्दकोशाचं काम 1926 मध्ये सुरू झालं, विद्यापीठं, पाठ्यपुस्तकं, परिभाषा, सगळ्याला सरकारी पैसा. आणि त्याच विद्यापीठांनी वर्णभेदाला शास्त्राचा साज चढवला. फेरवुर्ट, ज्याला वर्णभेदाचा शिल्पकार म्हणतात, तो आधी स्टेलेनबॉशला प्राध्यापकच होता. आयझेलेन हा तिथलाच मानववंशशास्त्रज्ञ, त्याच्या आयोगाच्या अहवालातून 1953 चा बांटू शिक्षण कायदा आला. गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चने 1974 मध्ये वंश आणि राष्ट्रावर अहवाल काढून वेगळं राहणं बायबलमध्ये बसवून दाखवलं. त्याच वर्षी काळ्या मुलांच्या शाळांत निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिकवायचा आदेश निघाला आणि त्याविरुद्ध 16 जून 1976 ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत मोर्चा काढणाऱ्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

पण त्या सगळ्याला उत्तरही आफ्रिकान्समध्येच दिलं गेलं, हे फार लोक सांगत नाहीत. 1982 मध्ये केपटाऊनच्या बेलहार भागात मिश्रवर्णीयांच्या चर्चने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन म्हणजे पाखंड आहे असं ठरवून श्रद्धानिवेदनाचा मसुदा केला, 1986 मध्ये तो स्वीकारला. त्यावरचे वाद आजही धर्मशास्त्राच्या जर्नल्समध्ये चालू असतात.

आणि त्याहून जुनी गोष्ट. ही भाषा गोऱ्यांची असा जो समज आहे ना, तो मोडायचं काम गेल्या काही दशकांत संशोधनानेच केलंय. केपच्या मुस्लिमांमध्ये, म्हणजे इंडोनेशिया, बंगाल, मलबार अशा ठिकाणांहून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांमध्ये, मदरशात आफ्रिकान्स अरबी लिपीत लिहायची पद्धत होती. ऑटोमन सुलतानाने पाठवलेले अबू बक्र एफेंदी 1863 मध्ये केपला आले आणि नमाज, शुद्धी, खाणंपिणं असे नियम समजावणारं त्यांचं पुस्तक 1877 मध्ये इस्तंबूलला छापलं गेलं, लिपी अरबी आणि भाषा केपची आफ्रिकान्स. केपटाऊनजवळच्या पार्ल गावात गोऱ्या मंडळींनी भाषेसाठी संस्था काढली ती 1875 ची, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या. अचमत डेव्हिड्स यांनी या हस्तलिखितांवर आयुष्य घातलं. या हस्तलिखितांत अरबी अक्षरांना स्वरचिन्हं लावलेली असतात, त्यामुळे तेव्हाचे लोक शब्द नेमका कसा उच्चारत होते हे त्यातून कळतं, जे रोमन लिपीतल्या, डच वळणाच्या लेखनातून कळत नाही. मोडी कागद वाचणाऱ्यांना यातली मजा लगेच कळेल.

आता विद्यापीठांचं. 2016 मध्ये फ्री स्टेट विद्यापीठाने आफ्रिकान्स वर्ग बंद करायचं ठरवलं, कारण दोन भाषांचे दोन वर्ग म्हणजे प्रत्यक्षात एकात गोरे आणि दुसऱ्यात काळे असं झालं होतं. प्रकरण घटना न्यायालयात गेलं, 2017 च्या शेवटी विद्यापीठ जिंकलं. 2019 मध्ये अशाच भाषेच्या खटल्यात स्टेलेनबॉशही जिंकलं. 2021 मध्ये मात्र युनिसा, म्हणजे दूरशिक्षणाचं प्रचंड मोठं विद्यापीठ, हरलं, आणि न्यायमूर्ती मजिट यांनी निकालात या भाषेचा खोईखोई (केपचे मूळ रहिवासी) आणि गुलामांपासूनचा इतिहास मांडला. शिक्षणशास्त्रातले आजचे बरेचसे आफ्रिकान्स लेख याच्याच आजूबाजूचे असतात: मातृभाषेतून शिकण्याचा घटनेतला हक्क किती ताणायचा, 2024 च्या नव्या कायद्यानंतर शाळेची भाषा ठरवणार कोण, केप फ्लॅट्समधल्या (केपटाऊनच्या कडेच्या, मुख्यतः मिश्रवर्णीयांच्या वस्त्या) पोरांची घरची काप्स बोली आणि पुस्तकातली प्रमाण भाषा यातलं अंतर. हे शेवटचं वाचताना मला आपल्याकडच्या शाळेत 'शुद्ध बोल' म्हणून गप्प बसवलेली पोरं आठवतात.

तर तुमच्या 'लिहितं कोण'चं उत्तर: मुख्यतः असे प्राध्यापक जे स्वतः आफ्रिकान्समध्ये शिकले पण आता वर्गात बहुतेक इंग्रजीत शिकवतात. जर्नल शिल्लक आहे, त्याच्या खालचा वर्ग गेलाय. पुढची पिढी परिभाषा कुठून शिकणार हा प्रश्न तिथलेच लोक विचारतात. सॉलिडॅरिटी या आफ्रिकान्स भाषकांच्या चळवळीने 2011 मध्ये अकाडेमिया नावाची खाजगी संस्था काढलीय, तिथे आफ्रिकान्समधून शिकवतात, पण सरकारी विद्यापीठांची जागा ती भरून काढेल असं मला वाटत नाही.

आणि मराठीचं म्हणाल तर आपल्याकडे परिभाषा कोश आहेत, विश्वकोश आहे, लिहिणारेही आहेत. नाही ती गोष्ट एकच, मराठीत लिहिलेल्या लेखाला नोकरी-बढतीत इंग्रजी लेखाइतकं वजन मिळेल याची खात्री. नुसतं 'ज्ञानभाषा करा' म्हणून भाषणं ठोकणाऱ्यांनी आधी हे एक मागून बघावं, सरकार दमडीची भाषा पटकन समजतं.

वाचायला सुरुवात करायची असेल तर लिटनेट अकाडेमीसचा धर्माचा किंवा शिक्षणाचा विभाग उघडा, आधी इंग्रजी सारांश वाचा, मग तोच युक्तिवाद धरून आफ्रिकान्स परिच्छेद भाषांतर-यंत्रात टाका. डचपेक्षा व्याकरण पुष्कळ सोपं आहे, क्रियापदं पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाहीत, त्यामुळे यंत्रही फारसं अडखळत नाही. कायद्याचे लेख मात्र सुरुवातीला घेऊ नका, लॅटिन तळटीपांतच जीव जाईल.