रिमोटचा टायगर रणगाडा अंगणातल्या मातीत चालवला की पट्टा निसटतो आणि वळताना कटकट आवाज येतो. टिकाऊ करायला धातूचे पट्टे बसवू का?

बसवा, पण सगळ्यात आधी नाही. मी नेमकी तीच चूक केली होती. माझाही १:१६ चा, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याचा टायगर. हौसेने धातूचे पट्टे चढवले, दोन रविवार टेकडीवर मिरवला आणि तिसऱ्या रविवारी तो एकाच जागी गोल फिरायला लागला. उघडून बघतो तर डाव्या गिअरबॉक्समधल्या प्लास्टिकच्या चाकाचे दात उंदराने कुरतडल्यासारखे झालेले.

रणगाडा वळतो तो एक पट्टा थांबवून किंवा उलटा फिरवून. फरशीवर पट्टे सरकतात, मातीत रुततात. त्यात धातूचं वजन वाढलं की सगळा जोर सगळ्यात कच्च्या दातावर येतो. तुमची कटकट कुठली ते आधी बघा. पट्टे काढा, पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे पट्टा ओढणारं दातेरी चाक, कापडाने क्षणभर हलकेच धरा आणि मोटर चालवा. तरी आवाज आला तर गिअरबॉक्स गेला. नाही आला तर पट्ट्याची कडी दातावर चढून उडतेय.

म्हणून आधी स्टीलच्या गिअरचा गिअरबॉक्स, मग धातूचं स्प्रॉकेट आणि मागचं आयडलर (पट्टा ताणून धरणारं चाक), आणि शेवटी पट्टे. प्लास्टिकच्या स्प्रॉकेटवर धातूचा पट्टा म्हणजे कानशीच. पट्टा तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणू नका. वरची बाजू चाकांवर जराशी टेकलेली हवी. फारच लोंबत असेल तर एक कडी काढा.

टायगरची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या जर्मन टायगरमध्येसुद्धा रशियाच्या आघाडीवर त्यांत चिखल अडकून रात्री गोठायचा. आपल्याकडे गोठत नाही, पण खडे आणि गवताच्या काड्या हमखास अडकतात; जुना टूथब्रश जवळ ठेवा. काळी माती ओली असताना खरवडू नका, वाळली की आपोआप सुटते. ग्रीस गिअरच्या दातांनाच, तेही थोडं. बाहेर लावलंत तर धूळ धरून त्याचा पॉलिश पेपर होतो.

डबक्यात घालू नका. माझ्या गाडीला स्पीकरची भोकं पोटाखालीच आहेत, तुमचीही उलटी करून बघा. जास्त वेळ चालायला हवा असेल तर मूळ बॅटरीइतक्याच व्होल्टची पण जास्त एमएएचची (साठवणक्षमतेची) बॅटरी घ्या, व्होल्ट वाढवू नका. बोर्ड जळू शकतो.

आयडलरचा स्क्रू हादऱ्याने ढिला होतो, आणि पट्टा निसटण्याचं ते एक मोठं कारण. धातूत धातूचा स्क्रू असेल तर थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा थेंब लावा, निळा. लाल लावलात तर पुढच्या वेळी स्क्रूचं डोकं झिजेल, पण तो हलणार नाही. आणि प्लास्टिकला लागू देऊ नका, तडे जातात.