९५ ऑक्टेन पेट्रोल टाकायच्या आधी स्पार्क प्लग काढून बघा

दादा, सर्व्हिसिंग झाल्यापासून तवंदी घाटात तिसऱ्या गिअरला इंजिन खडखडतंय आणि गॅरेजवाले ९५ ऑक्टेन टाका म्हणतायत, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. २०२१ साली माझं हेच दुखणं होतं. घाट तेवढा चोर्ल्याचा. बहीण गोव्यात साखळी गावाला असते, महिन्यातून एक फेरी ठरलेली.

मी मेकॅनिक नाही आणि तुमची गाडी बघितलेली नाही, तेव्हा हे माझ्या गाडीपुरतं धरा.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच. दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेट न घेण्याची ती क्षमता. टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल तर ९१ पुरे. टर्बो (जादा हवा आत कोंबणारं) किंवा जास्त कॉम्प्रेशनचं (हवा-पेट्रोल जास्त दाबणारं) इंजिन असेल आणि कंपनीनेच ९५ सांगितलं असेल, तर मात्र तिथे काटकसर करू नका.

माझी गाडी साधी, ९१ वाली. चाळीस हजार किलोमीटरचं सर्व्हिसिंग झालं आणि पंधरवड्यात चढाला आवाज सुरू. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा. सर्व्हिस सेंटरला तीनदा गेलो. लॅपटॉप जोडायचे, एरर नाही म्हणायचे आणि "सर, पेट्रोल चांगलं टाका" म्हणून परत पाठवायचे. तिसऱ्या वेळी तर बॉनेटसुद्धा उघडलं नाही. अर्धा दिवस रजा टाकून गेलेल्या माणसाला हे उत्तर? अजून आठवलं की संताप होतो.

मग मी ९५ टाकायला लागलो. आवाज थोडा कमी झाला, आणि घात झाला तो इथेच. फरक पडतोय म्हणजे रोग पेट्रोलचाच, असं धरून चौदा महिने लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजले. सहा हजारांच्या आसपास गेले. त्याहून वाईट म्हणजे खरा बिघाड तेवढे दिवस झाकून राहिला.

शेवटी बेळगावातल्या उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रीमामांनी स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारा भाग, काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोकाची चिनीमाती फिकट तपकिरी असायला हवी. माझी चुन्यासारखी पांढरी, वर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके. मामा म्हणाले, "हा गरम प्लग हाय. टोक निखाऱ्यागत तापतंय, ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटतंय." माझे मूळ प्लग एनजीके कंपनीचे. सर्व्हिसिंगला बॉशचे बसवले, मोठ्या नंबरचे. गरम प्लग म्हणजे टोकाची उष्णता धरून ठेवणारा, थंड म्हणजे ती लवकर बाहेर सोडणारा. एनजीकेत नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नंबर वाढला की गरम. कुणीतरी नुसता आकडा बघून बसवले होते. योग्य चार प्लग बसवले आणि पुढच्याच फेरीला साध्या पेट्रोलवर चोर्ला चढलो, आवाज नाही.

तुमच्या गाडीत प्लगच असेल असं नाही. कार्बन साचला, कूलंट कमी झालं, रेडिएटर चोंदला तरी इंजिन असंच ठोकतं. पण सर्व्हिसिंगनंतर सुरू झालंय म्हणताय, तर तिथे काय काय बदललं हे आधी बघा. बिल काढा आणि प्लगचा पूर्ण नंबर तपासा. नुसतं "स्पार्क प्लग ४ नग" लिहिलं असेल तर नंबर लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.

आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलचं ऑक्टेन मुळातच जास्त, त्यामुळे साधं पेट्रोलही ९५ च्या आसपास जातं असं सरकारच सांगतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल टाकीत पडतंय आणि वर प्रीमियमचे पैसे कशाला? जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि मायलेज हा वेगळा विषय, त्यात आत्ता शिरत नाही. महाराष्ट्रात शिनोळीला भरा नाहीतर कर्नाटकात बेळगावात, ऑक्टेनचा नियम दोन्हीकडे एकच. फरक कराचा आणि त्यामुळे दराचा.

तोवर घाटात तिसऱ्यावर रेटू नका, आवाज आला की लगेच दुसरा टाका. आणि चारही प्लग काढून त्यांच्या टोकांचे उजेडात फोटो काढून इथे टाका. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा, ते लिहायला विसरू नका.