झोर्की-४ : चौकोनात जुळते, फिल्मवर जुळत नाही

नमस्कार. आपल्या झोर्की-४ या जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यात दूरच्या इमारतीच्या दोन प्रतिमा रेंजफाइंडरच्या (फोकस जुळवून दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) पिवळसर चौकोनात नीट जुळतात, पण दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा चेहरा एफ/२ वर, म्हणजे भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे असताना, पुसट येतो आणि म्हणून आपण समोरच्या बाजूचा छोटा स्क्रू फिरवून पाहणार आहात, हे वाचले आणि मला माझाच झोर्की-४ आणि त्याचे ज्युपिटर-८ भिंग आठवले. तो स्क्रू तूर्त फिरवू नका. तो अनंत अंतर, म्हणजे फार दूरची वस्तू, जुळवण्यासाठी आहे. आपल्याकडे आज जी एक गोष्ट बरोबर आहे, तीच त्याने बिघडेल.

रिवाइंडच्या गुंडीखालची दांडी सरकवून व्ह्यूफाइंडर आपल्या डोळ्याला जुळवून घेतला असेल, असे धरून चालतो. पुढचा प्रश्न एवढाच, की खोटे कोण बोलते आहे, भिंग की रेंजफाइंडर? चौकोनात दिसणारी जुळणी भिंगाच्या मागे टेकणारा आतला दांडा ठरवतो, तर फिल्मवर पडणारी प्रतिमा भिंग ठरवते, आणि या दोघांची साक्ष वेगवेगळी घेतल्याशिवाय काहीही उघडू नये, असे माझे ठाम मत आहे.

मी ती साक्ष घेतली, पण चुकीच्या जागी उभा राहून. मागचे झाकण काढून, शटर उघडे ठेवून, दुधी काचेचा एक तुकडा मी फिल्मच्या जागी टेकवला. फिल्मच्या खिडकीच्या वर-खाली रुळांच्या दोन जोड्या असतात. आतल्या रुळांवर फिल्म बसते. बाहेरचे रूळ केसभर उंच असतात आणि फिल्म दाबणारी पट्टी त्यांच्यावर टेकते. माझी काच रुंद होती, त्यामुळे ती बाहेरच्या रुळांवर बसली, म्हणजे फिल्मच्या प्रतलापासून सुमारे ०.२ मि.मी. मागे. तिच्यावर दूरचा मनोरा अर्थातच पुसट दिसला आणि दोष भिंगाचाच, असा निकाल मी देऊन टाकला. भिंग उघडले, तर काचांचा संच आणि फोकसची चूडी (भिंग पुढे-मागे सरकवणारा फिरता भाग) यांच्यामध्ये कागदासारखी पातळ कडी होती. ती काढली आणि मनोरा लख्ख दिसू लागला. त्या दिवशी मला स्वतःचे फार कौतुक वाटले होते.

पण फिल्म त्या काचेच्या जागी बसत नव्हती, त्यामुळे आता भिंगच चुकले होते. एफ/२ वर ०.२ मि.मी.ची चूक म्हणजे फिल्मवर बिंदूऐवजी ०.१ मि.मी.चा ठिपका. दीड मीटरवर फोकस केले, की खरा फोकस जवळजवळ वीस सेंटिमीटर मागे पडे. डोळे पुसट आणि खुर्चीच्या पाठीची वीण मात्र धाग्याधाग्यानिशी स्पष्ट, अशा छायाचित्रांचे तीन रोल मी काढले. खरा दोष भिंगात नव्हताच. भिंगाच्या मागच्या कडेला टेकणाऱ्या दांड्याचे टोक कोणीतरी पूर्वी फिरवून ठेवले होते.

याच काळात कॅमेरा एका दुरुस्तीच्या ठिकाणीही दिला होता. कित्येक आठवड्यांनी तो परत मिळाला, तो ‘अनंत जुळते आहे, जुन्या कॅमेऱ्यात इतके चालायचेच’ या शेऱ्यासह. अनंत जुळत होतेच, ते मीच त्यांना सांगितले होते. जवळच्या अंतरावर एकदाही न तपासता असा शेरा लिहिणाऱ्यांबद्दल अधिक न बोललेले बरे.

आपण काच ३५ मि.मी.हून किंचित अरुंद कापून घ्या, म्हणजे ती आतल्या रुळांवर बसेल. खरखरीत बाजू भिंगाकडे ठेवा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून वर्तमानपत्र दीड मीटरवर तिरके उभे करा, हातातल्या विशालक भिंगाने काचेकडे पाहून एका ओळीवर काचेवरच फोकस करा आणि मग चूडीला हात न लावता व्ह्यूफाइंडरमधून तीच ओळ पाहा. हेच एक मीटरवर, तीन मीटरवर आणि निदान किलोमीटरभर दूरच्या वस्तूवर करा. शंभर मीटर म्हणजे अनंत नव्हे. या कॅमेऱ्याच्या रेंजफाइंडरचा पाया, म्हणजे त्याच्या दोन खिडक्यांमधले अंतर, ३८ मि.मी.चा आहे, त्यामुळे डोळ्याच्या नजरेतून निसटणारी तफावतही फोकसमध्ये जाणवू शकते.

शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहण्याच्या खुणेवर) लावण्याआधी ते चढवून, म्हणजे ताणून घ्या, झोर्कीत न चढवता वेग बदलला तर यंत्रणा मोडू शकते. आणि भिंग उघडे ठेवून कॅमेरा उन्हात सूर्याकडे तोंड करून ठेवू नका, शटरच्या कापडी पडद्याला भोक पडते. हे विषयाला सोडून वाटेल, पण फोकस तपासण्याच्या नादातच माणूस हे विसरतो.

मी कारागीर नाही, आणि स्थिर भिंगाच्या कॅमेऱ्यांची रचना निराळी असते, तेव्हा हे सगळे झोर्कीपुरतेच धरावे. दूर जुळते आणि जवळ चुकते, असे काचेवरही सिद्ध झाले, तर दांड्याचे टोक अगदी थोडे फिरवायचे असते आणि त्यानंतर अनंत पुन्हा जुळवावे लागते. हे दोन-चार वेळा आलटून पालटून करावे लागते. दोन प्रतिमा वर-खालीही सरकलेल्या असतील, तर पुढच्या खिडकीभोवतीची कडी फिरवून आधी तेवढे सुधारा, कारण ती फिरवली की आडवी जुळणीही हलते. तपासणीत दीड मीटरवर ओळ चौकोनात डावीकडे सरकलेली दिसते की उजवीकडे, ते कळवा. टोक कोणत्या दिशेने फिरवायचे ते त्यावर ठरेल.