गेमचा सर्व्हर लागत नाही? आधी वॅनचा आयपी बघा

प्रश्न : दादा नमस्कार, मी इचलकरंजीचा, बारावी झालीय. घरी नवीन फायबर घेतलं, केबलवाल्याच्या डब्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून बाबांनी वेगळा राउटर आणून त्याच डब्याला जोडला. यूट्यूब वगैरे मस्त चालतं, पण प्लेस्टेशनवर नॅट टाइप ३ (सगळ्यात कडक) दाखवतं, पार्टीत मित्रांचा आवाज येत नाही, आणि लॅपटॉपवर माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर काढलाय त्यात बाहेरचं कोणीच जॉइन होत नाही. व्हिडिओ बघून राउटरवर २५५६५ पोर्ट तीनदा फॉरवर्ड केला. राउटर बदलू का?

उत्तर : नको बदलूस, राउटर चांगला असणार. तू पोर्टपासून सुरुवात केलीस, आणि बहुतेक मुलं हेच करतात, म्हणून मला हे नीट सांगायचंय. पोर्ट म्हणजे नंबर दिलेलं दार समज, आणि फॉरवर्ड म्हणजे त्या दारावर बाहेरून आलेलं घरातल्या एका ठराविक मशीनकडे पाठवणं. राउटरच्या पेजवर जा, स्टेटसमध्ये वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, लिहिलेला असतो तो बघ. १९२.१६८ ने सुरू होत असेल (तुझ्या जोडणीवरून मला तेच वाटतंय) तर घरात दोन राउटर एकामागे एक काम करतायत, डबल नॅट म्हणतात त्याला (नॅट म्हणजे घरातली सगळी मशीन बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवणं). मित्राची रिक्वेस्ट बाहेरून येते ती आधी केबलवाल्याच्या डब्यावर, त्याला तुझा लॅपटॉप माहीतच नाही, तो तिथेच टाकून देतो, मग आतल्या राउटरवर तीनदा काय तीसदा पोर्ट फॉरवर्ड केला तरी तिथवर काही पोचतच नाही.

उपाय दोन आहेत. सोपा म्हणजे तुझा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, मग तो फक्त वायफाय देतो आणि पोर्ट फॉरवर्ड डब्यावर करायचा. दुसरा, केबलवाल्याला सांगून डबा ब्रिज मोडवर (मग तो राउटरचं काम न करता नुसती लाइन पुढे देतो) करून घ्यायचा आणि पीपीपीओई, म्हणजे युजरनेम पासवर्डने जोडायचं नेट, असेल तर युजरनेम पासवर्ड स्वतःच्या राउटरमध्ये भरायचा, मला हा जास्त आवडतो कारण सगळं कंट्रोल एका ठिकाणी येतं, पण तो माणूस फोन उचलेल तेव्हा.

आता डब्याचा स्वतःचा वॅन आयपीही बघ. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर अडचण घराबाहेर आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, आयपी पत्ते सगळे मिळून साधारण ४३० कोटीच, ते पुरत नाहीत म्हणून कंपन्या एकच पत्ता कितीतरी घरांना वाटून देतात, ते सीजीनॅट, आणि १००.६४ पासूनचा हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवलाय. काही कंपन्या १० ने सुरू होणारा पत्ताही देतात, अर्थ तोच. तिथे तुझ्या हातात काही नाही, पब्लिक आयपी (फक्त तुझ्या घराचा, बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता) मिळेल का आणि महिन्याला किती पडेल एवढं सरळ विचार.

हे सगळं बाहेरून आत येणाऱ्या कनेक्शनचं झालं. गेमच्या कंपनीच्या सर्व्हरला आपण आतून जातो, त्याला पोर्ट उघडावा लागत नाही. तोही लागत नसेल तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच गेम लावून बघ, तिथे चालला तर डब्याची फायरवॉल 'हाय'वर आहे का बघ, काही डब्यांत हायवर फक्त वेब आणि मेलसारख्या गोष्टी जाऊ देतात आणि गेमचं यूडीपी (बरेच गेम डेटा पाठवतात ती पद्धत) अडवतात. 'मीडियम' कर. पॅरेंटल कंट्रोल पण बघ.

दोन गोष्टी राहिल्या. लॅपटॉपचा आतला आयपी बदलत राहतो आणि फॉरवर्ड जुन्याच आयपीकडे जात राहतो, त्यामुळे डीएचसीपीमध्ये (राउटर घरातल्या मशीनना आयपी वाटतो ती सेटिंग) लॅपटॉपसाठी ॲड्रेस रिझर्व कर. आणि पोर्ट उघडाय का हे तपासताना सर्व्हर चालू ठेव, बंद असला तर उघडा पोर्टही बंदच दिसतो. वैतागून लॅपटॉप डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं एकाच मशीनकडे सोडणारी सेटिंग) मात्र टाकू नकोस, ज्या मशीनवर तुझे फोटो, मार्कशीट, बाबांची बँक आहे ते अख्खं बाहेर उघडं पडतं.

प्रश्न : माझ्या दोन्ही मुलांकडे एक्सबॉक्स आहे. मोठ्याचं नॅट ओपन दाखवतं, धाकट्याचं स्ट्रिक्ट, रोज भांडणं. (ठाण्याहून एक आई)

उत्तर : ताई, मोठ्याने ३०७४ पोर्ट स्वतःच्या एक्सबॉक्सला फॉरवर्ड करून ठेवला असणार, आणि एक पोर्ट एका वेळी एकाच मशीनला मिळतो. ती नोंद काढून टाका, राउटरमध्ये यूपीएनपी (मशीन लागेल तो पोर्ट स्वतःच उघडून घेतं ती सोय) चालू करा, मग धाकट्याच्या एक्सबॉक्सवर नेटवर्कच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये अल्टरनेट पोर्ट सिलेक्शन असतं तिथून दुसरा पोर्ट निवडा. राउटर आणि दोन्ही एक्सबॉक्स पूर्ण बंद करून, आधी राउटर आणि मग एकेक एक्सबॉक्स चालू करायला सांगा. त्यानंतरही धाकट्याचं स्ट्रिक्टच राहिलं तर वर इचलकरंजीच्या मुलाला सांगितलंय तसा वॅन आयपी बघून मला परत लिहा.