‘माझ्या वारेमुळे त्याचं हृदय बिघडेल का?’

‘गरोदरपणात माझी वार, म्हणजे पोटातल्या बाळाला पोषण पुरवणारी प्लॅसेंटा, नीट काम करत नव्हती, असं डॉक्टर म्हणाले होते. आता मुलाला पुढे हृदयाचा आजार होईल का?’ हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. तो विचारणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांना मीना म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

मीनाताई आल्या तेव्हा हातात सहा वर्षांपूर्वीचं डिस्चार्ज कार्ड होतं, घडीवर फाटलेलं. बाळ ३४व्या आठवड्यात झालेलं, वजन १.७ किलो. खाली एक ओळ: आईला बीपीचा त्रास, वारेतून रक्तपुरवठा अपुरा. मुलगा आता शाळेत जातो, दिवसभर हुंदडतो. पण कुणीतरी मोबाईलवर पाठवलेल्या व्हिडिओत त्यांनी ऐकलं, की अशा मुलांना तरुणपणीच हार्ट अटॅक येतो. त्या रात्रीपासून झोप नव्हती. “मॅडम, पोटात असताना मीच त्याला उपाशी ठेवलं ना?”

मी लगेच ‘नाही’ म्हटलं नाही. नुसत्या नकाराने असा सल निघत नाही. “त्या महिन्यांतला तुमचा एक दिवस सांगा,” म्हटलं.

पहाटे उठून घरचं सगळं आवरायचं, मग पॅकिंगच्या कामावर दहा तास उभं राहायचं. सुटी घेतली की त्या दिवसाची मजुरी बुडायची, म्हणून पहिली तपासणी पाचव्या महिन्यात झाली. अंगात रक्त कमी आहे हे तेव्हाच कळलं. पुढे पाय सुजले, डोकं ठणकायचं. ‘पोटुशी बाईला होतंच असं’ म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. कामाच्या जागी सतत धूर. हे सगळं त्या सहज सांगत होत्या, जणू त्याचा कार्डावरच्या ओळीशी काही संबंधच नव्हता.

मग मी कागदावर वारेचं चित्र काढलं. वार आईची वाटते, पण तिचा बहुतेक भाग गर्भाच्याच पेशींतून बनतो, हे ऐकून त्या जरा थांबल्या. पहिल्या काही महिन्यांत या पेशी गर्भाशयाच्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्या रुंद करतात. मग आईचं रक्त संथपणे, भरपूर येतं. दिवस भरत येतात तेव्हा मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त. वाहिन्या अरुंदच राहिल्या तर रक्त कमी येतं आणि जोरात आदळतं, वारेचे नाजूक तंतू खराब होतात. आईचं बीपी चढतं, बाळाची वाढ मंदावते.

हृदयाचा संबंध इथे येतो. पोटातल्या बाळाचं हृदय आपलं रक्त वारेतूनही फिरवत असतं. वारेत अडथळा असेल तर त्या इवल्याशा हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, आणि तेही हृदय अजून घडत असतानाच. बार्सिलोनातल्या संशोधकांनी गर्भात वाढ खुंटलेल्या मुलांची हृदयं पाचेक वर्षांच्या वयात तपासली. २०१०मध्ये त्यांनी मांडलं, की ती काहीशी गोलसर झालेली दिसतात. ती मुलं आजारी नव्हती. आकारात फरक होता, पुढच्या आयुष्यासाठी थोडी जास्त जोखीम होती. जोखीम म्हणजे ठरलेला आजार नव्हे, हे मी मीनाताईंना तीन वेळा तरी सांगितलं असेल.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण ती मला स्वतःला अस्वस्थ करते. १९८६मध्ये डेव्हिड बार्कर आणि क्लाइव्ह ऑस्मंड या संशोधकांनी इंग्लंड आणि वेल्सच्या जुन्या नोंदी पडताळल्या. १९२०च्या दशकात ज्या भागांत तान्ही बाळं जास्त दगावत होती, त्याच भागांत पन्नासेक वर्षांनी हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते. हृदयविकार हा सुखवस्तू लोकांचा आजार, असं तेव्हा मानलं जाई. प्रत्यक्षात गरिबीतल्या बाळंतपणांची सावली अर्ध्या शतकानंतरही पडलेली होती. २०१९मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. धूर कोणाच्या वाट्याला जास्त येतो, तपासणीला उशीर कोणाला होतो, पोटुशी असताना दहा तास कोणाला उभं राहावं लागतं? वारेवर याचा भार पडतो, आणि कार्डावर मात्र आईचं नाव असतं. मला हे अन्यायाचं वाटतं.

मीनाताई बराच वेळ रडल्या. मी थांबवलं नाही.

नंतर कामाचं बोललो. बाळ हडकुळं जन्मलं म्हणून घरी आजी त्याच्या मागे ताट घेऊन फिरत. भरवण्यातली माया खरीच, पण कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर पुढे भराभर चरबी चढली तर हृदयाची जोखीम उलट वाढते. भूक असेल तेवढं खाऊ द्यावं, रोज खेळू द्यावं, घरात कुणी विडी-सिगारेट ओढू नये. बालरोगतज्ज्ञांना जन्माची हकीकत सांगून वर्षातून एकदा त्याचं बीपी मोजून घ्यावं. पुन्हा दिवस राहिलेच, तर पहिल्याच महिन्यात हे कार्ड डॉक्टरांना दाखवायचं. गरज वाटली तर ते कमी मात्रेची अॅस्पिरिन सोळाव्या आठवड्याआधी सुरू करतात, त्याने बीपीचा त्रास टळण्याची शक्यता वाढते. स्वतःहून मात्र घ्यायची नाही.

उठताना मी विचारलं, “आणि तुमचं बीपी?”

“माझं? ते डिलिव्हरीनंतर कुणी बघितलंच नाही.”

गरोदरपणात असा बीपीचा त्रास झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराची शक्यता साधारण दुप्पट असते. सहा वर्षं सगळ्यांची काळजी मुलाच्या छातीशी अडकून राहिली आणि जिला हे भोगावं लागलं, तिच्या दंडाला पट्टा कुणी बांधलाच नाही. बाहेर सिस्टरांनी मोजलं: १४८/९६. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, जवळजवळ तेवढंच. त्याच आठवड्यात त्यांना फिजिशियनकडे पाठवलं.

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. गोळ्या सुरू झाल्या होत्या. जुन्या कार्डाला मधोमध चिकटपट्टी लावलेली होती, आणि पिशवीत दुसरी फाईल होती, त्यांच्या स्वतःच्या नावाची.