आधी ड्राइव्हला वीज कुठून मिळते ते बघा, सर्व्हर नंतर

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वीचं माझंच घर डोळ्यासमोर आलं. घरातल्या सगळ्यांना फाइली मिळाव्यात म्हणून सर्व्हर करायचाय, यूएसबी हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा) लावलेले तीन एक्स्टर्नल ड्राइव्ह, त्यासाठी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) घ्यावा की जुना डेस्कटॉपच चोवीस तास चालू ठेवावा हा घोळ, बेडरूममध्ये ठेवायचंय म्हणून आवाज नको, बिल वाढायला नको, आणि शेवटी सहज लिहिलेली ती ओळ, की एक ड्राइव्ह रात्री मधूनच गायब होतो, बहुतेक खराब झालाय, वॉरंटीत आहे तर बदलून घेतो. बाकी सगळं खाली सांगतोच, पण तो ड्राइव्ह सध्या कोणाकडेही देऊ नका. सांबा (ड्राइव्ह नेटवर्कवर दाखवणारं सॉफ्टवेअर) कसं टाकायचं, शेअर (नेटवर्कवर दिसणारं फोल्डर) कसं बनवायचं ते सांगत बसत नाही, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ते तुम्हाला येतं.

माझ्याकडे तेव्हा पाय ४ होता. त्याच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच करंट मिळतो, एकेका पोर्टला नाही, सगळ्यांना मिळून. अडीच इंची ड्राइव्ह फिरत असताना साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी घेतो, पण थांबलेला ड्राइव्ह फिरायला लागतो त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत एक अँपिअरच्या आसपास ओढतो. हे मला माहीत होतं, म्हणून मी बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, चार पोर्टचा हब आणला, स्वतःचा अडॅप्टर असलेला, आणि तिन्ही ड्राइव्ह त्यावर लावून निश्चिंत झालो. अडॅप्टरवर ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलं होतं. ते मी वाचलंच नाही. अडॅप्टर आहे म्हणजे वीज पुरते, एवढंच डोक्यात.

वर अजून एक करून ठेवलं. आवाज नको आणि वीज वाचावी म्हणून दहा मिनिटं काम नसेल तर ड्राइव्ह झोपतील असं सेटिंग केलं. आणि रात्री २ वाजता फोनमधले फोटो कॉपी व्हायचे, मीडिया सर्व्हर (गाणी-व्हिडिओ घरात दाखवणारा प्रोग्राम) तिन्ही ड्राइव्ह स्कॅन करायचा. म्हणजे रोज रात्री दोनला तिन्ही ड्राइव्ह एकदमच उठायचे, तीन अँपिअरच्या आसपास मागायचे, आणि हबकडे होते दोन. जो ड्राइव्ह सगळ्यात जास्त ओढायचा तो पडायचा, मग परत यायचा पण दुसऱ्या नावाने, एसडीबीचा एसडीडी होऊन (लिनक्स ड्राइव्हना अशी नावं देतं), आणि सकाळी शेअर रिकामं दिसायचं. तुमचं "रात्रीच होतं, दिवसा कधी नाही" हे वाक्य वाचून मी थांबलो ते याच्यामुळेच.

मला मात्र तेव्हा वाटलं ड्राइव्ह गेला. टिक-टिक आवाज पण येत होता, वीज कमी पडली की तसाच आवाज येतो हे नंतर कळलं. ड्राइव्ह वॉरंटीत होता, नेला सर्व्हिस सेंटरला. नाव नाही लिहीत. पहिल्या दिवशी बिलाची झेरॉक्स चालणार नाही, ओरिजिनल आणा. दुसऱ्या दिवशी बिलावर दुकानाचा शिक्का नाही, तो आणा. तिसऱ्या दिवशी मी काउंटरवरच्या मुलाला हात जोडून म्हटलं, बाबा रे, तुझ्यासमोर कॉम्प्युटर आहे, त्याला हा ड्राइव्ह एकदा लावून बघ, दिसला तर मी डेटा काढून घेतो. तो म्हणे इथे टेस्टिंग होत नाही, आम्ही फक्त जमा करतो, आणि फॉर्म पुढे सरकवला, त्यात लिहिलेलं की डेटाची जबाबदारी कंपनीची नाही आणि जुना ड्राइव्ह परत मिळणार नाही. दोन मिनिटांचं काम होतं हो ते. त्या दोन मिनिटांत ड्राइव्ह तिथेच दिसला असता आणि मी घरी परत आणला असता. पण मी सही केली. ती सही माझी, दोष पूर्ण त्यांच्यावर टाकत नाही, पण अजूनही त्या रस्त्याने जाताना जीव जळतो.

त्या ड्राइव्हवर बाबांच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग होती. बाबा खंजिरी वाजवायचे, तुकडोजी महाराजांची भजनं, पुण्यतिथीला मोझरीला जायचे तेव्हाची, मंडळातल्या लोकांची आपसातली बोलणीसुद्धा त्यात. कॅसेटना बुरशी लागली होती म्हणून मीच सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि कॅसेट देऊन टाकल्या. एकूण ३९ फाइली. दुसरी कॉपी नव्हती. नंतर चुलतभावाच्या फोनमध्ये सात सापडल्या.

पाच आठवड्यांनी बदलीचा ड्राइव्ह आला, त्याच हबला लावला आणि आठवड्याभरात तोही रात्री पडला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तो ड्राइव्ह मुलीच्या लॅपटॉपला सरळ लावून रात्रभर फाइली कॉपी करत ठेवला, एकदाही तुटला नाही. म्हणजे पहिला ड्राइव्हपण चांगलाच असणार.

म्हणून तुमच्यासाठी आधी एवढंच. तो ड्राइव्ह हबवरून काढा, त्याची स्वतःची आखूड केबल वापरून लॅपटॉपला सरळ लावा आणि रात्रभर चालू द्या. दिसला तर सगळ्यात आधी डेटा दुसरीकडे काढा, वॉरंटीचा विचार नंतर. लॅपटॉपवरही तसाच टिक-टिक करत असेल, तर मग मात्र तो खरंच चालला आहे, वारंवार लावून बघू नका, डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. मी काही हार्डवेअर इंजिनिअर नाही, माझ्या घरात जे घडलं त्यावरून सांगून राहिलो.

आता सर्व्हरचं. माझं मत स्पष्ट आहे, बाकीच्यांचं वेगळं असू शकतं. अडीच इंची, यूएसबीवरच चालणारे तीन ड्राइव्ह असतील तर पायच्या फंदात पडू नका. पाय ५ सुद्धा ५ अँपिअरच्या अडॅप्टरवर सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.६ अँपिअर देतो, आणि साधा ३ अँपिअरचा लावला तर ६०० मिलिअँपिअरवरच थांबतो. शेवटी हब घ्यावाच लागतो, आणि चांगला हब, म्हणजे ज्याचा अडॅप्टर निदान ५ व्होल्ट ४ अँपिअर किंवा १२ व्होल्ट ३ अँपिअरचा आहे, तो धरला की पाय स्वस्त राहत नाही.

त्यापेक्षा इंटेल एन १०० वाला मिनी पीसी बघा, नाहीतर ऑफिसमधून निघालेले ते पुस्तकाएवढे सेकंडहँड पीसी, थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो वगैरे. मी टायनी घेतला. रिकामा असताना भिंतीवरच्या मीटरला १२ वॅटच्या आसपास दाखवतो, पंखा आहे पण रात्री सीलिंग फॅन चालू असताना ऐकू येत नाही. आत एक अडीच इंची साटा (यूएसबीऐवजी सरळ आतच जोडली जाणारी) डिस्क बसते, तेवढा एक ड्राइव्ह यूएसबीच्या भानगडीतून सुटला. एन १०० ची टीडीपीच (कंपनीने ठरवलेली चिपची वॅटची मर्यादा) ६ वॅट आहे, तो यापेक्षाही कमी घेईल, पंखा नसलेलेही मिळतात, पण बिनपंख्याचं नागपूरच्या मे महिन्यात मला पटत नाही.

बिलाचा हिशोब सोपा आहे, एक वॅट वर्षभर चालू म्हणजे ८.७६ युनिट. तुमचा जुना डेस्कटॉप ६० वॅट धरला तर वर्षाला ५२५ युनिट, १२ वॅटवाला १०५. आणि उन्हाळ्यात कूलर-एसीने आपण आधीच वरच्या स्लॅबमध्ये असतो, त्यामुळे ही युनिटं महागाच्याच दराने पडतात. राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टबद्दल विचारलंत, त्याचा नाद सोडा. बऱ्याच जुन्या राउटरमध्ये एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली वाटण्याची जुनी, असुरक्षित पद्धत) च असतं, ते विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून मुळातच टाकलेलं नसतं, मग लोक ते मुद्दाम चालू करतात, आणि त्याच दारातून २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला होता.

गरमीचं कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. बऱ्याच पोर्टेबल ड्राइव्हच्या कागदावर चालण्याचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरची बंद खोलीच ४० ला जाते. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, माळ्यावर, एकावर एक रचून ठेवू नका, मध्ये बोटभर जागा सोडून उभे ठेवा. कूलरच्या झोतातपण नको, त्या ओल्या हवेने आणि खाऱ्या पाण्याने माझ्या एका केबलच्या टोकावर पांढरं चढलं होतं. स्मार्टमध्ये (ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी माहिती देतो ती) तापमान बघत राहा, मी ५० च्या वर गेलं की दुपारपुरता सर्व्हर बंद करतो, सरळ.

इन्व्हर्टर असेल तर मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो बघा, तो यूपीएसवर करा. नॉर्मलवर लाइट गेल्यावर बदलायला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात अडॅप्टरवाले ड्राइव्ह पडतात. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही वाईट नाही, बॅटरी म्हणजे आयता यूपीएस, फक्त चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल असं करा, सतत १०० वर ठेवली तर आपल्या गरमीत बॅटरी फुगते.

आणि लिनक्समध्ये ड्राइव्ह माउंट करताना, म्हणजे जोडताना, एसडीबीसारखं नाव नाही, यूयूआयडी (ड्राइव्हचा न बदलणारा ओळखक्रमांक) वापरा, सोबत नोफेल हा पर्याय. नोफेल नसेल तर एखादा ड्राइव्ह नसताना सर्व्हर सुरू होतानाच अडतो. पण नोफेल असलं तरी ड्राइव्ह नसताना फाइली सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर जात राहतात आणि ती भरून सगळंच अडतं, त्यावर लक्ष ठेवा. ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजचा फॉरमॅट) असतील तर घाईने फॉरमॅट मारू नका, एकेक रिकामा करत ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) वर न्या, तोपर्यंत विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा, नाहीतर लिनक्सला ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरताच मिळतो. झोपण्याचं सेटिंग मी आता तीस मिनिटांचं केलंय आणि रात्रीची कामं वेगवेगळ्या वेळेला लावलीत, दोनला एक, अडीचला दुसरं, म्हणजे सगळे एकदम उठत नाहीत.

आज संध्याकाळी हबच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, आउटपुट म्हणून असेल, आणि किती अँपिअर आहे ते मला कळवा. प्रताप नगर किंवा त्रिमूर्ती नगरकडे राहत असाल तर माझा १२ व्होल्टवाला हब दोन दिवस नेऊन लावून बघा, तोपर्यंत त्या फॉर्मवर सही करू नका.