गटातलं भांडण : गोलात बसण्याआधीचं काम

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात पाण्याच्या प्रश्नावर काम करणारा आमचा पंधरा जणांचा गट आहे. विडी कामगार बायका, यंत्रमागावरचे तिघे, बाकी कॉलेजची मुलं. मोर्चाच्या वर्गणीतले 4,200 रुपये हिशेबात लागेनात, तेव्हा एका कार्यकर्त्याने व्हॉट्सअॅप ग्रुपवर हिशेब ठेवणाऱ्या ताईंचं नाव घेऊन ‘पैसे खाल्ले’ असं लिहिलं. दोन दिवसांनी मांडववाल्याची पावती दुसऱ्या वहीत सापडली. ताई तेव्हापासून येत नाहीत, त्यांच्यासोबतच्या तेलुगू बोलणाऱ्या चौघीही नाहीत. पुनर्स्थापनात्मक न्यायाच्या पद्धतीने, म्हणजे शिक्षेऐवजी झालेलं नुकसान भरून काढण्यावर भर देत, गोलात बसून हे मिटवायचं ठरलंय. या रविवारी बसू का?

उत्तर : रविवारी बसू नका. गोलात बसणं हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. तयारीशिवाय बसलात तर तेच भांडण आणखी दहा जणांसमोर होईल.

आधी हे सगळं चालवायला दोन जण निवडा. भांडणात ते कोणाच्याच बाजूने बोललेले नसावेत आणि त्यांच्या नावाला ताई व तो कार्यकर्ता या दोघांचाही होकार हवा. गटाचे नेते नकोत. त्यांच्यासमोर माणूस खरं बोलत नाही, त्यांना पटेल ते बोलतो. दोघांपैकी एकाला तेलुगू यायलाच हवं. ताई बैठकीत मराठी सफाईने बोलत असतील, पण मनाला लागलेलं माणूस आपल्याच भाषेत सांगतं.

हे दोघे प्रत्येकाला वेगवेगळे भेटतील, तासभर तरी. ताईंना कार्यालयात बोलावू नका, त्यांच्या घरी जा. माल द्यायला जायची वेळ टाळा. विड्या वळता वळता बोलणं झालं तर चांगलंच. हात सुपात असले की समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सक्ती राहत नाही. विचारायचं ते साधं : काय झालं? तेव्हा मनात काय आलं? त्यानंतर कोणाला काय सोसावं लागलं? आता काय झालं तर बरं वाटेल? ‘असं का केलंस?’ हा प्रश्न वगळा. तो ऐकला की माणूस स्वतःची बाजू सांभाळायला लागतो आणि ऐकणं थांबवतो.

उत्तरं ऐकताना नुकसान नेमकं कशाचं झालं ते टिपा. पैसे सापडले, पण वस्तीतलं नाव गेलं. ताईंनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली असेल, तर त्यातल्या किती दारांत आता संशय उभा आहे? या पद्धतीची आधुनिक सुरुवात मानतात ती 1974 सालची, कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातली. एल्मिरा गावात दोन तरुणांनी 22 ठिकाणी नासधूस केली होती. त्यांना त्या लोकांच्या दारात जाऊन नुकसान ऐकावं लागलं आणि भरूनही द्यावं लागलं. तुमच्याकडेही बदनामी जिथवर पोचली तिथवर खुलासा पोचला पाहिजे : त्याच ग्रुपवर, ताईंचं नाव घेऊन, लेखी. ताईंची इच्छा असेल तर त्या घरांमध्येही, त्या कार्यकर्त्याने स्वतः जाऊन.

हे सगळं झाल्यावर बैठक. आठ-दहा माणसं पुरेत. ताई आणि तो कार्यकर्ता, दोघांनीही आपलं म्हणून एकेक माणूस आणावं. खुर्च्या काढून सतरंजी घाला, म्हणजे सगळे एका उंचीवर येतात. फोन बंद करून एका पिशवीत. यंत्रमागावरची रिकामी कांडी हातोहात फिरवा : ती ज्याच्या हातात तोच बोलेल, ज्याला बोलायचं नसेल तो पुढे देईल. आधी कोण बोलणार हे ताईंनी ठरवायचं. प्रत्येक बोलणं मराठी-तेलुगू दोन्हींत सांगायचं म्हणजे दीड तासाऐवजी तीन तास धरा. चहा मध्ये नको, शेवटी ठेवा.

बहुतेकदा बिघडतं ते एका वाक्याने. कोणीतरी वडीलधारं म्हणतं, ‘जाऊ द्या, दोघांचंही चुकलं.’ ताईंचं काय चुकलं? बैठक चालवणाऱ्यांनी हे वाक्य तिथल्या तिथे थांबवायचं. उलट, त्या मेसेजवर अंगठा टाकणारे आणि गप्प राहिलेले, यांनी आपापला वाटा बोलून दाखवावा. तो वाटा मोठा आहे.

जे ठरेल ते कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, असं लिहा आणि दोन्ही भाषांत वाचून दाखवा. त्यात गटाचीही कामं हवीत : एकच वही, तिच्यावर दोघांच्या सह्या, पावती त्याच दिवशी चिकटवणं, पैशाची शंका आधी त्या दोघांना विचारणं. 30 दिवसांनी पुन्हा बसून एकेक ओळ तपासा. हे तपासणं राहून गेलं तर कागदाला अर्थ नाही.

प्रश्न : तो कार्यकर्ता म्हणतो, ‘मी ग्रुपवर सॉरी टाकलंय, आता गोलात येणार नाही.’

उत्तर : ओढून आणू नका, सक्तीची माफी ताईंनाही नको असते. त्याच्या भीतीबद्दल विचारा. पंधरा जण मिळून आपल्याला फैलावर घेतील असं त्याला वाटत असेल, तर आधी फक्त चौघांची (तो, ताई आणि बैठक चालवणारे दोघे) बैठक ठेवता येते. तरीही नाही म्हणाला, तर त्याच्याशिवाय ताई आणि गट बसू शकतात. ताईंना जे हवंय त्यातलं बरंच गटाच्याच हातात आहे. दरम्यान पैशाची आणि ग्रुप चालवण्याची जबाबदारी त्याच्याकडे ठेवू नका.

प्रश्न : गटातल्या एका मुलीने वरिष्ठ कार्यकर्त्याकडून लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं आहे. ‘घरातलं घरात मिटवू, गोलात बसू’ असा आग्रह आहे.

उत्तर : नाही. जिथे एकाच्या हातात सत्ता आहे, तिथे समोरासमोर बसवणं हाच त्या मुलीवर दबाव होतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा मानधन न घेणाऱ्या स्वयंसेवकांनाही लागू आहे. संस्थेत दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. समेटाची तरतूद आहे, पण चौकशी सुरू होण्याआधी आणि फक्त तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तर. पैसे देऊन समेट करता येत नाही. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं, ज्याला माहीत आहे त्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. चौकशी चालू असेपर्यंत त्या कार्यकर्त्याला पदावरून बाजूला ठेवा, आणि मुलीसोबत कोण जाणार हे आजच तिला विचारून ठरवा.